नळीत फुंका, पण कागद मागा



वेचणी होऊन कापूस घराबाहेर पडू लागला की आपल्या भागातला ट्रॅक्टर रात्रीचा रस्त्याला लागतो. जिनिंगच्या फाटकावर पहाटे नंबर लागावा म्हणून मध्यरात्री ट्रॉली हलवायची, वाटेत एखादा चहा, आणि गावाबाहेरच्या नाक्यावर शिट्टी. ज्वारी निघाली की कडब्याच्या गाड्यांचे हेच. पोळा, धुळवड, एकतीस डिसेंबर या दिवसांत तर नाका हमखास. हवालदार तोंडावर बॅटरी मारतो, "वास येतो, खाली उतर" म्हणतो, आणि पुढचे सारे अंधारात होते. कोणी खिशातले हजार-पाचशे देऊन सुटतो. कोणी घाबरून नळीत फुंकायलाच नकार देतो. कोणी ठाण्यात रात्र काढतो आणि सकाळी कोर्टात "गुन्हा कबूल" म्हणून मोकळा होतो, कारण ट्रॉली भरलेली उभी आहे आणि दिवस बुडतो आहे. तिघेही फसतात. प्यालेला फसला तर त्याची करणी. न प्यालेला फसतो ते मात्र कायदा माहीत नसल्यामुळे.

आमचे म्हणणे दोन वाक्यांचे आहे. जो प्याला आहे त्याने चाकाला हात लावू नये. आणि ज्याला नाक्यावर धरले त्याने तपासणी टाळू नये, उलट पुरी तपासणी मागावी: यंत्र, डॉक्टर आणि कागद.

कायदा काय म्हणतो

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १८५ हे या गुन्ह्याचे कलम. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना मोटार वाहन चालवणे किंवा चालवू पाहणे हा गुन्हा. ही ३० मिलिग्रॅमची रेघ १९९४ च्या दुरुस्तीने आली. ट्रॅक्टर हे मोटार वाहन आहे, मोटारसायकल आहे, छोटा टेंपोही आहे. "शेतीचे वाहन आहे" म्हणून सूट नाही. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा १५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. हे आकडे २०१९ च्या दुरुस्तीचे आहेत.

आता नीट लक्षात घ्या. हेल्मेट नाही, कागद नाहीत, अशा अनेक गुन्ह्यांत रस्त्यावर तडजोडीचा दंड भरून पावती घेता येते. ती सोय कलम २०० मध्ये आहे, आणि त्या यादीत १८५ नाही. दारूच्या गुन्ह्याचा दंड फक्त कोर्ट ठरवते. म्हणजे नाक्यावर जो "इथेच मिटवून टाकू" म्हणतो तो दंड घेत नाही, लाच घेतो. देणाराही त्याच पापात. आणि पैसे देऊन सुटलेल्या न प्यालेल्या माणसाच्या हातात आपण निर्दोष असल्याचा काय पुरावा उरतो? काहीही नाही.

वास म्हणजे पुरावा नव्हे. याच महाराष्ट्रातून सर्वोच्च न्यायालयात गेलेला बचूभाई करियाणी यांचा १९७१ चा खटला वकिलांना पाठ आहे. श्वासाला वास, लडखडती चाल, असंबद्ध बोलणे, विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावरून माणूस दारू प्यालाच होता असा निष्कर्ष काढता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. रक्ताची किंवा लघवीची तपासणी त्या प्रकरणात झालेलीच नव्हती. नाक्यावरच्या शिपायाला वासावरून संशय घेण्याचा अधिकार आहे. संशयाचा गुन्हा करायचा तर मोजमाप लागते.

ओलाव्याचे यंत्र आणि दारूचे यंत्र

मोजमापाचे महत्त्व कापूस उत्पादकाला कोणी शिकवायला नको. सीसीआयच्या केंद्रावर ओलाव्याचे यंत्र कापसात खुपसतात. ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, १२ पर्यंत कापून भाव, त्यावर गाडी परत. एकाच गंजीत वर एक आकडा येतो, खाली दुसरा, हे आपण पाहतो आणि "पुन्हा लावा" म्हणून भांडतो. मग दारूच्या यंत्रापुढे आपण मुके का होतो?

हे यंत्र रक्त पाहत नाही, श्वास पाहते. श्वासातल्या अल्कोहोलला साधारण २१०० ने गुणून रक्तातला आकडा दाखवते. श्वास फुप्फुसातून खोल यावा लागतो. तोंडातच अल्कोहोल असेल तर आकडा फुगतो. नुकतेच खोकल्याचे अल्कोहोलयुक्त औषध घेतले, किंवा आसव-अरिष्ट घेतले, तर तोंडातला अंश उडून जायला सुमारे पंधरा मिनिटे लागतात. म्हणून जाणकार म्हणतात, पंधरा मिनिटे थांबा आणि दुसऱ्यांदा फुंकायला लावा. कायद्यातही कलम २०३ "एक किंवा अधिक नमुने" असेच म्हणते. तेव्हा नम्रपणे पण स्पष्ट सांगा: "साहेब, मी अमुक औषध घेतले आहे. नळी नवी लावा. पंधरा मिनिटांनी पुन्हा घ्या. आकडा मला दाखवा आणि कागद द्या." औषधाची बाटली खिशात असेल तर तीही दाखवा.

त्याच कलमातल्या आणखी चार गोष्टी. फुंकायला सांगणारा पोलीस गणवेशात असला पाहिजे, किंवा मोटार वाहन खात्याचा अधिकार दिलेला अधिकारी असला पाहिजे. त्याच्याकडे संशयाला वाजवी कारण असले पाहिजे. यंत्र केंद्र सरकारने मान्य केलेल्या प्रकारचे असले पाहिजे. आणि अटक झालीच तर ठाण्यात नेल्यावर पुन्हा एकदा श्वासाचा नमुना देण्याची संधी तुम्हाला दिलीच पाहिजे. ही शेवटची संधी मागून घ्या. रस्त्यावरचे यंत्र चुकले असेल तर ते इथे उघडे पडते.

नकार मात्र देऊ नका. नकार दिला आणि पोलिसाला संशय असला तर वॉरंटशिवाय अटक होते, रक्त द्यायला सांगता येते, आणि कलम २०५ प्रमाणे वाजवी कारणाशिवाय दिलेला नकार कोर्टात तुमच्याविरुद्धच्या पुराव्याला बळ देणारा धरता येतो. न प्यालेल्याने नकार देणे म्हणजे आपल्याच हाताने आपला साक्षीदार पळवून लावणे.

दोन तास

आता सगळ्यांत महत्त्वाची तरतूद, जी कोणी सांगत नाही. कलम २०२ म्हणते की १८५ खाली अटक केलेल्या माणसाची दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी झाली पाहिजे. नाही झाली तर त्याला कोठडीतून सोडले पाहिजे. दोन तास. म्हणून अटकेची वेळ घड्याळात पाहून ठेवा आणि ती कागदावर लिहायला लावा.

तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात रात्री डॉक्टर सापडत नाही हे आपण जाणतो. पण ती अडचण सरकारची आहे, ट्रॅक्टर चालवणाऱ्याची नाही. "सकाळी डॉक्टर येतील, तोवर बस" हे उत्तर कायद्यात बसत नाही.

या दोन तासांकडे आम्ही शेतीशास्त्राच्या नजरेने पाहतो तेव्हा ते आणखी मोलाचे वाटतात. दिवसभर बोंडअळीवर फवारणी करून संध्याकाळी मोटारसायकलवर घरी निघालेला माणूस कसा दिसतो? ऑर्गनोफॉस्फेट गटातले औषध अंगात भिनले असेल तर त्याला चक्कर येते, पाय लटपटतात, जीभ जड होते, घाम फुटतो, ओकारी येते, अंगाला औषधाचा उग्र वास असतो. अंधारात बॅटरीच्या उजेडात तो दारुड्यासारखाच दिसेल. फरक डॉक्टरला कळतो: या विषबाधेत डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी बारीक होते. २०१७ साली एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसवर माणसे गेली. अशा माणसाला वेळेत ॲट्रोपिन मिळाले तर तो जगतो. "उतरेल सकाळपर्यंत" म्हणून कोठडीत टाकला तर सकाळ त्याला दिसेलच असे नाही. साखर एकदम उतरलेला मधुमेही आणि उन्हाचा तडाखा बसलेला मजूर यांचेही तसेच. म्हणून बरोबरच्या माणसाने तोंड उघडून सांगितले पाहिजे: "साहेब, याने आज फवारणी केली आहे, आधी दवाखान्यात न्या." आणि औषधाचा डबा किंवा निदान त्याचे लेबल बरोबर न्यावे.

कागदावर "दारूच्या अमलाखाली" असा एक शब्द चुकीचा पडला तर त्याची किंमत घराला मोजावी लागते. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत मृत्यूनंतर वारसाला २ लाख रुपये मिळतात. अमली पदार्थांच्या अमलाखाली झालेल्या अपघाताला ते मिळत नाहीत. रक्त न तपासता, वासावरून पंचनाम्यात लिहिलेल्या एका शब्दाने विधवा बाईचे २ लाख बुडू शकतात. तो शब्द लिहिला जात असतानाच "तपासणीचा कागद कुठे आहे?" हे विचारायचे असते.

अटक झाली तर

हा गुन्हा जामीनपात्र आहे. जामीन ही ठाणेदाराची मेहेरबानी नाही, तुमचा हक्क आहे. राज्यघटनेचे कलम २२ तीन गोष्टी देते: अटकेचे कारण सांगितले पाहिजे, वकिलाला भेटू दिले पाहिजे, २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभे केले पाहिजे. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आहे. त्यातही अटकेची खबर नातेवाईकाला देण्याची आणि वैद्यकीय तपासणीच्या अहवालाची प्रत आरोपीला देण्याची तरतूद आहे. ती प्रत मागा. स्त्रीचे रक्त घ्यायचे असेल आणि डॉक्टर पुरुष असेल तर दुसरी स्त्री हजर असल्याशिवाय घेता येत नाही.

लायसन जप्त केले तर पावती घ्या. मात्र या गुन्ह्यात ती पावती म्हणजे गाडी चालवण्याचा परवाना नव्हे, हे २०१९ पासून स्पष्ट आहे. गाडीचे काय? अटक झालेल्याची गाडी सुरक्षित लावण्याची व्यवस्था पोलिसांनी करायची असते. तेलंगण उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितले की चालक प्यालेला असला तरी बरोबर लायसनधारक, न प्यालेला माणूस असेल तर गाडी त्याच्या हाती द्यावी, नसेल तर नातेवाईकाला बोलवावे. तो निकाल आपल्या कोर्टांना बांधील नाही, पण वकिलाला दाखवायला कामाचा आहे. भरल्या ट्रॉलीवर लायसन असलेला दुसरा माणूस बरोबर ठेवा. खर्च एका मजुरीचा. वाचतो तो अख्ख्या ट्रॉलीचा कापूस.

वकील परवडत नाही हे खरे. पण १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे कोठडीतल्या माणसाला, त्याचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. तालुका कोर्टातच विधी सेवा समिती असते. १५१०० हा फोन नंबर आहे. "कबूल" म्हणण्याआधी हा दरवाजा ठोठावा. आज दिवस वाचवण्यासाठी दिलेली खोटी कबुली पुढे दुसऱ्या गुन्ह्याच्या वेळी दोन वर्षांची शिक्षा दाखवते.

रक्ताची बाटली

शेतकी कॉलेजात मातीपरीक्षण शिकताना आम्हाला पहिला धडा मिळाला तो असा: नमुना चुकला तर प्रयोगशाळा कितीही मोठी असली तरी निकाल चुकतो. पिशवीवर चिठ्ठी नाही तर ती माती कोणाच्या शेतातली ते देवालाही सांगता येणार नाही. रक्ताचे तसेच आहे. कोणी काढले, किती काढले, बाटलीवर सील कोणाचे, कोणाच्या ताब्यात कोणत्या थंडीत राहिली, प्रयोगशाळेत कधी पोचली, हे सारे लिहिलेले हवे.

मुंबईत २००२ साली एका नामांकित नटाच्या गाडीचा अपघात झाला आणि पदपथावर झोपलेला एक गरीब मेला. २०१५ च्या मे महिन्यात सत्र न्यायालयाने नटाला पाच वर्षांची शिक्षा दिली. त्याच वर्षी डिसेंबरात उच्च न्यायालयाने निर्दोष सोडले. रक्ताचा नमुना कसा घेतला आणि कसा सांभाळला याबद्दल न्यायालयाने शंका घेतल्या, हे त्या निकालातले एक कारण होते. पुण्यात मे २०२४ मध्ये भरधाव मोटारीखाली दोन तरुण अभियंते गेले. गाडी चालवणाऱ्या श्रीमंताच्या मुलाचे रक्त सरकारी रुग्णालयात बदलले, असा आरोप आहे आणि त्यात डॉक्टरांना अटक झाली.

या दोन प्रकरणांतून काय शिकायचे? पैसेवाल्याला बाटली, सील आणि नोंदीचे मोल ठाऊक असते. एका ठिकाणी तिच्यातल्या त्रुटी बचावाला उपयोगी पडतात, दुसऱ्या ठिकाणी ती बाटलीच बदलल्याचा आरोप होतो. गरिबाच्या वाट्याला मात्र बाटलीच येत नाही. तो वासावर पकडला जातो आणि कबुलीवर सुटतो. नमुना नीट घेतला, सील नीट झाले, तर न प्यालेला सालदार सुटेल आणि प्यालेला धनिक अडकेल. म्हणून काटेकोर तपासणीची मागणी ही आपली मागणी आहे.

पळवाट की वाट?

आमच्या काही मायबहिणी विचारतील: घरोघरी दारूने संसार धुतले गेले, आणि तुम्ही दारुड्याला कायदा शिकवता? प्रश्न रास्त आहे. उत्तरही रोखठोक देतो.

ज्याने प्यायली आहे त्याला वर सांगितलेल्या कशाचाही उपयोग नाही. यंत्रात फुंकले नाही म्हणून वाचेन, असे समजू नका. दिल्लीतल्या संजीव नंदा खटल्यात आरोपी अपघात करून पळाला होता, जागेवर श्वासाची तपासणी झाली नव्हती. तरी नंतर घेतलेल्या रक्तातले अल्कोहोल सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये पुरावा म्हणून मानले. विम्याचेही तसेच. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की श्वासाची किंवा रक्ताची तपासणी झालेली नसली तरी चालक दारूच्या अमलाखाली होता हे विमा कंपनी इतर पुराव्याने दाखवू शकते. मग गाडीची भरपाई गेली. कोणी मेले असेल तर जबाबदारी नाकारायला किंवा दिलेले पैसे मालकाकडून मागायला कंपनीला कारण मिळते. ट्रॅक्टर सालदार चालवत होता, मालक घरी झोपला होता, तरी मालकाचा सातबारा धोक्यात येतो. कर्जाने घेतलेला ट्रॅक्टर आणि कोरडवाहू पाच एकर, त्यात हे ओझे कुठे पेलणार?

आणि "रात्रीची सकाळी उतरते" हा हिशेब कच्चा आहे. रक्तातले अल्कोहोल तासाला साधारण १५ मिलिग्रॅमने उतरते. कोणाचे थोडे जास्त, कोणाचे थोडे कमी. चहा, लिंबू, थंड पाणी यांनी त्यात फरक पडत नाही. रात्री अकराला रक्तात १५० असेल तर पहाटे पाचला सहा तासांचे ९० गेले, ६० उरले. कायद्याच्या रेघेच्या दुप्पट. माणूस झोपून उठला, तोंड धुतले, स्वतःला शुद्धीत समजतो आणि जिनिंगकडे ट्रॅक्टर काढतो. हातभट्टीची आणि मोहाची तर ताकदच कोणाला माहीत नसते, तिचा हिशेब कसा करणार? पहाटे गाडी न्यायची असेल तर आदल्या रात्री थेंबही नको, एवढाच सोपा हिशेब.

वर्धा आणि गडचिरोली हे जिल्हे दारूबंदीचे आहेत. तिथे, आणि खरे म्हणजे साऱ्या महाराष्ट्रात, १९४९ चा दारूबंदी कायदाही लागू आहे. त्यात रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल सापडले तर औषध घेतले होते वगैरे सिद्ध करण्याचे ओझे आरोपीवर येते. म्हणजे एका रात्रीत दोन कायदे मागे लागू शकतात.

बैठकीपुढचे ठराव

जिल्हा बैठकीत आम्ही चार ठराव मांडू इच्छितो. तालुक्याच्या कार्यकर्त्यांनी त्यांवर गावात बोलून यावे.

एक. प्रत्येक नाक्यावरच्या यंत्राने छापील चिठ्ठी दिली पाहिजे, आणि ते यंत्र शेवटचे कधी तपासून घेतले ती तारीख विचारणाऱ्याला दाखवली पाहिजे. काट्यावर आपण हेच मागतो.

दोन. कापसाच्या हंगामात प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात रात्री डॉक्टर हजर असावा. तो नाक्यावरून आणलेल्याचे रक्त घेईल आणि फवारणीने पडलेल्याचा जीवही वाचवेल.

तीन. ठाण्यात अटकेची वेळ आणि डॉक्टरकडे नेल्याची वेळ शेजारी शेजारी लिहावी, म्हणजे दोन तासांचा हिशेब कोणालाही वाचता येईल.

चार. हा ठराव आपल्यासाठी. ट्रॅक्टरमालकाने प्यालेल्या सालदाराच्या हाती चावी देऊ नये, आणि सालदाराने प्यालेल्या मालकाला चाकावर बसू देऊ नये. चावी काढून घेणाऱ्याच्या पाठीशी गावाने उभे राहावे. त्या घरच्या बाईने चावी लपवली तर तिला कोणी बोल लावू नये.

पहिले तीन ठराव आपण सरकारकडे मागणार आहोत. ते मागताना तोंड वर करून बोलायचे असेल तर चौथा आधी पाळावा लागेल.